वावर नको, टक्के लिहा

पत्र: मी चोपडा तालुक्यातली निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका, वय ७०. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. मुलीच्या आठ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) आहे. दोन वर्षांपासून तो आठवड्यातून दोनदा घोड्यावर बसून घ्यायच्या उपचारांना जातो. आधी पाठीला लोड लावल्याशिवाय बसत नसे, आता पाटावर बसून जेवतो. ती संस्था देणग्यांवर चालते. माझ्या मागे तिला काहीतरी मिळावं अशी इच्छा आहे. चोपड्यातलं घर माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेलं, माझ्याच नावावर आहे. ह्यांचं तीन एकर केळीचं वावर आहे. बँकेत आणि पोस्टात मिळून २८ लाख आहेत. शिवाय ह्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी आहे, ती गडी सांभाळतो. वावर लिहून देऊ की घर? घोडी त्यांना चालेल का? आणि उद्या मुलगा कोर्टात गेला तर?

उत्तर:

बाई, नमस्कार. तुम्ही मोजलेल्या चार गोष्टींपैकी संस्थेच्या खरोखर कामाची एकच आहे, ती म्हणजे ठेवी. वावर देता येणार नाही. घर देता येईल, पण तसंच दिलंत तर ते त्यांच्या गळ्यात पडेल. घोडीचा निर्णय मृत्युपत्रावर ढकलू नका, तो या हिवाळ्यातच घ्या.

आधी वावर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. सातबाऱ्यावर आज तुमचं एकटीचं नाव असलं, तरी वावर तुमचं एकटीचं नाही. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. यजमान मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघं सारखे वाटेकरी. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असो की वडिलोपार्जित, तुमच्या घरापुरतं उत्तर एकच येतं. वडिलोपार्जित धरली तर आधी यजमान धरून चौघांत पाव-पाव, मग त्यांच्या पावाचे तीन भाग. तुमचा पाव आणि वरचा बारावा हिस्सा मिळून पुन्हा एक तृतीयांशच. (सासूबाई तुमच्या यजमानांच्या आधी गेल्या होत्या आणि दिरांशी वाटणी झालेली आहे, असं धरून हे सांगतो आहोत.) मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं नसेल, तर तुम्हाला लिहिता येईल ती फार तर एक एकर. तलाठ्याकडून सातबाऱ्याबरोबर वारस नोंदीचा फेरफारही काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही), आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिलंय, तेही बघून ठेवा.

ती एक एकरसुद्धा संस्थेला लिहू नका. आपल्या १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ देत नाही, आणि न्यास (ट्रस्ट) हा शेतकरी नव्हे. त्या कलमात विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे शब्द आहेत, मृत्युपत्र हा शब्द नाही, म्हणून पूर्वी लोक त्या फटीतून वाट काढायचे. गुजरातचा कायदा म्हणजे मूळचा आपलाच मुंबई राज्याचा. तिथल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मृत्युपत्रालाही हीच मनाई लागू असल्याचं सांगितलं. त्यामुळे वावराचा तुमचा हिस्सा मुलांनाच लिहा आणि तेवढा संस्थेचा वाटा ठेवींमधून वाढवा. यात मुलांचीही मर्जी राहते. वावर घरात राहिलं की अर्धी भाऊबंदकी तिथेच थांबते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

घर तुमच्या कमाईचं आणि तुमच्याच नावावर. ते कुणालाही लिहायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण ‘घर संस्थेला द्यावे’ एवढंच लिहिलंत तर पुढे काय होतं ते बघा. घर सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता बनतं. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करून त्याची नोंद करावी लागते. नाशिकच्या संस्थेला चोपड्यातल्या घराचा उपयोग नाही, म्हणून ती विकायला काढते. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मूल्यांकन, वर्तमानपत्रात जाहिरात, बंद पाकिटातल्या बोली, सुनावणी. तोवर घराला कुलूप, नगरपालिकेची घरपट्टी चालू, आणि पहिल्या पावसाळ्यातच कौलं सरकलेली.

घरातूनही काही द्यायचंच असेल तर वाक्य फिरवा: ‘माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने घर विकावे आणि आलेल्या रकमेतून इतके टक्के संस्थेस द्यावे.’ अशा वाक्याने घर न्यासाच्या नावावर चढतच नाही, संस्थेकडे थेट पैसा जातो. व्यवस्थापक म्हणजे ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात तो.

आता ठेवी. आकडा लिहू नका, टक्के लिहा. आज लिहिलेले ५ लाख महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत अडीच लाखांच्या मोलाचे राहतात. उलट, शेवटच्या आजारपणात २८ लाखांतले २० संपले तर त्याच ५ लाखांमुळे दोन्ही मुलांत मिळून तीनच लाख उरतात, आणि भांडणं तिथेच पेटतात. ‘देणी, औषधपाणी आणि अंत्यविधीचा खर्च भागवून जी रक्कम उरेल तिचे २० टक्के’ असं लिहिलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

दुसरा मोह कायम निधीचा: मुद्दल ठेवावं, व्याज वापरावं, भिंतीवर ह्यांच्या नावाची पाटी लागावी. हिशेब करून बघा. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार, म्हणजे महिन्याला २,९१७ रुपये. त्यात घोड्याची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराचा आठवड्याचा पगारही धड निघणार नाही. लहान रक्कम खर्चायला मोकळी ठेवलेली बरी. कायम निधी शोभतो तो मोठ्या रकमेला.

तिसरी चूक भावनेपोटी होते: ‘या रकमेतून फक्त नवीन घोडा घ्यावा.’ घोडा विकत घेणं हा त्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. घोडा २५ ते ३० वर्षं जगतो, पण पाठीवर मूल घेऊन रोज काम करायचं त्याचं वय त्याच्या बरंच आधी संपतं. उरलेली वर्षं चारा, नालबंद आणि डॉक्टर चुकत नाहीत. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते ७ किलो सुका चारा लागतो, वर चंदी (धान्याचा खुराक), २५ ते ४० लिटर पाणी (जळगावच्या मे महिन्यात त्याहून बरंच जास्त) आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी. संस्थेकडे आधीच पाच घोडे असतील आणि अडचण मोतद्दाराच्या पगाराची असेल, तर तुमचे पैसे तिला वापरताच येणार नाहीत. हेतू पुरा होणं अशक्य झालं तर त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे प्रकरण कोर्टापुढे जातं आणि जवळचा दुसरा हेतू ठरवून घ्यावा लागतो. त्यात वर्षं जातात. म्हणून हेतू रुंद ठेवा.

फार रुंदही नको. नुसतं ‘धर्मासाठी’ असं लिहिलेलं दान संदिग्ध म्हणून टिकत नाही, असा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाचा) निकाल १८९९ चा आहे. आणि ‘अश्वोपचार’ असा सुटा शब्दही लिहू नका, वाचणाऱ्याला घोड्यांचा दवाखाना वाटेल. वकिलासमोर हा मजकूर ठेवा:

‘माझी सर्व देणी व अंत्यविधीचा खर्च भागवून माझ्या बँक व पोस्टातील ठेवींची जी रक्कम उरेल, तिचे २० टक्के … या संस्थेस द्यावे (सार्वजनिक न्यास नोंदणी क्र. …, पॅन …, पत्ता …). ही रक्कम दिव्यांग मुलांना घोड्याच्या साहाय्याने द्यावयाचे उपचार व त्या घोड्यांची निवृत्तीनंतरच्या काळासह देखभाल यांसाठी विश्वस्तांनी योग्य वाटेल तशी खर्च करावी. माझ्या मृत्यूच्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसेल, तिची नोंदणी रद्द झाली असेल किंवा तिने हे काम बंद केले असेल, तर ही रक्कम … या दुसऱ्या संस्थेस त्याच हेतूसाठी द्यावी.’

दुसरी संस्था दिव्यांग मुलांसाठी फिजिओथेरपीचं काम करणारी आणि तुमच्या जवळची असली तरी चालेल. नोंदणी क्रमांक आणि पॅन मात्र विसरू नका. सारख्या नावाच्या दोन संस्था निघाल्या की पैसा अडकतो. त्याहून वाईट म्हणजे, केंद्र चांगलं चालतंय पण ते एखाद्या घोडेमालकाचा खासगी धंदाच आहे, असं मागाहून कळतं. मग तुमचं दान त्या माणसाच्या खिशात. म्हणून संस्थेकडे परिशिष्ट-१ चा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यास-नोंदीचा) उतारा आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. द्यायला कुरकुर झाली तर तिथेच थांबा.

कागद बघून झाले की घोडे बघा. नातू दोन वर्षं जातोय, म्हणजे मुलीला यातलं बरंच दिसत असेल, पण पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः जा आणि काम सुरू व्हायच्या आधी पोचा. खोगीर काढल्यावर पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे डाग किंवा सोललेली कातडी दिसली, तर खोगीर लागतंय. बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत. मुलाबरोबर किती माणसं चालतात ते मोजा. ज्याला तोल नाही त्याच्यासाठी तीन लागतात, एक घोडा धरणारा आणि दोन्ही बाजूंना एकेक. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट मैदानावर आहे की फक्त पाटीवर? डाऊन सिंड्रोमच्या मुलाला घोड्यावर बसवण्याआधी मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी करून घेतात का, हे विचारा. त्या मुलांमध्ये तिथला सांधा सैल असू शकतो आणि घोड्याच्या हिसक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते.  ‘घोड्यावर बसून सगळं बरं होतं’ असं सांगणाऱ्या संस्थेपेक्षा ‘याला आम्ही घेत नाही’ असं कधीतरी म्हणणारी संस्था भरवशाची. चालत्या घोड्याच्या पाठीची हालचाल पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवी अशी तिन्ही दिशांनी होते आणि ती माणसाच्या चालण्यातल्या कमरेच्या हालचालीशी जुळते. त्यातून धड सावरायची सवय लागते. पाटावर बसून जेवणं त्यातूनच आलेलं असू शकतं. पण सेरेब्रल पाल्सी त्याने जात नाही, आणि चांगले लोक तसं म्हणतही नाहीत.

शेवटी एक प्रश्न विचारा: म्हातारा झालेला घोडा कुठे जातो? याचं उत्तर लेखी असलं पाहिजे. ‘बघू तेव्हा’ याचा अर्थ लग्नाच्या वरातीत किंवा टांग्याला.

लिहिण्याआधी थोडं देऊन बघा. यंदा २५ हजार चेकने द्या (रोख २ हजारांवर गेली तर करसवलत जाते) आणि पावती कधी येते, करसवलतीचं प्रमाणपत्र न मागता येतं का, वर्षाअखेर खर्चाचा कागद दाखवतात का, ते बघा. करसवलत हयातीतल्या दानाला आहे आणि तीही जुन्या करप्रणालीत असाल तरच. मृत्युपत्रातल्या दानाला सवलत नाही. पण वारसा करही नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. त्यामुळे कराचा विचार या निर्णयातून काढूनच टाका.

घोडी. कायद्याने ती जंगम मालमत्ता, म्हणजे भांड्या-दागिन्यांसारखी मृत्युपत्रात लिहिता येते (ती यजमानांनी आणलेली, म्हणून वावरासारखाच तिच्यातही मुलांचा वाटा आहे; आधी दोघांचा होकार लेखी घ्या). पण १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे व्यवस्थापकाला मृत्यूपासून वर्षभर कुणाला काही द्यायची सक्ती नाही, आणि घोडीला त्याच संध्याकाळी पाणी लागतं. म्हणून ती हयातीतच द्या, किंवा देऊ नका. सारंगखेड्याच्या बाजारातली घोडी बहुधा मारवाडी किंवा काठियावाडी रक्ताची, उमदी आणि तापट, शिवाय हलगीवर पाय उचलायला शिकवलेली. बाजारात भाव येतो त्या नाचऱ्या चालीलाच, आणि इथे नेमकी तीच नडते. उपचाराला संथ, एकसारखं पाऊल लागतं. मुलाला पाठीवर बसवायच्या लाकडी चढणीजवळ दगडासारखं उभं राहणं लागतं. पाठीवरचं मूल अचानक किंचाळलं तरी कान फिरवण्यापलीकडे काही करायचं नाही, असा स्वभाव लागतो. उंचीही बघतात. घोडी फार उंच असेल तर बाजूने चालणाऱ्याचा हात खांद्याच्या वर जातो, पाच मिनिटांत भरून येतो आणि मुलाची पकड सुटते.

घरी ही परीक्षा घ्या. गड्याला तिला सैल कासऱ्याने सरळ चालवायला सांगा. मागून स्टीलचं ताट पाडा, शेजारून छत्री उघडा, व्हीलचेअर मिळाली तर ढकलत न्या. एकदा दचकून पुन्हा त्याच चालीने चालली तर संस्थेला फोन करा. दोन पायांवर उभी राहिली तर विषय संपला, गड्याच्या घरीच ती सुखी राहील. संस्था तयार झाली तर कायमची देण्याआधी दोन महिने पारखायला द्या. वाहनात चढवण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा आजार घोड्यातून माणसाला होतो आणि लागण निघाली तर जनावर मारावं लागतं, त्यामुळे चांगली संस्था त्याशिवाय फाटकातून आत घेणारच नाही. घोडी घरीच राहणार असेल तर मृत्युपत्रात गड्याच्या नावाने घोडी आणि तिच्या चाऱ्यासाठी वेगळी रक्कम लिहा. घोडीच्या नावाने पैसे ठेवता येत नाहीत. आणि पहिल्या काही महिन्यांच्या चारा-पाण्याचे पैसे त्याच्या खात्यात आजच ठेवा.

आता मुलगा. स्वकष्टाच्या संपत्तीबाबत ‘मला कमी का दिलं’ या कारणावर कोर्टात मृत्युपत्र पडत नाही. पडतं ते ‘आईची शुद्ध नव्हती’ किंवा ‘आईवर दबाव होता’ यावर. तुमच्या बाबतीत कमकुवत जागा उघड आहे: संस्थेत जातो तो मुलीचा मुलगा. उद्या मुलगा म्हणेल, ताईनेच लिहून घेतलं. म्हणून मृत्युपत्राच्या दिवशी मुलगी चोपड्यात असू नये. ती साक्षीदार नको, एकटी व्यवस्थापकही नको, आणि वकील तिने शोधलेला नको. संस्थेचं कुणीही त्या खोलीत नको. नातवाला उपचार फुकट मिळावेत अशी अट तर चुकूनही घालू नका. मोठ्या देणगीदाराच्या नातेवाइकाला खास फायदा दिला की संस्थेची करसवलतच धोक्यात येते. नातवासाठी जे ठेवायचंय ते वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या टक्क्यांत. तो सज्ञान होण्याआधी तुम्ही गेलात तर रक्कम कोण सांभाळेल तेही तिथेच लिहा. १८ नंतरच्या पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते. सेरेब्रल पाल्सी त्या कायद्यात येते. त्याच ट्रस्टची एक लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना मुलीने घेतली नसेल तर या आठवड्यात चौकशी करायला सांगा.

साक्षीदार दोन, दोघंही तुमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, कारण पुढे त्यांतल्या एकाला तरी कोर्टात उभं राहून ‘माझ्यासमोर सही केली’ असं सांगावं लागू शकतं. नोंदणी केली म्हणून ते चुकत नाही. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, आणि त्याच तारखेचा त्यांचा प्रकृतीचा दाखला मृत्युपत्राला जोडा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकाकडे ती कराच. प्रत्येक पानावर सही. खाडाखोड झाली तर पान नव्याने टाईप करा. मजकुरात एक परिच्छेद तुमच्या शब्दांत, तुम्ही हे का देताय याचा, वकिली मराठीत नाही. शुद्धीचा त्याहून चांगला पुरावा नाही.

नॉमिनेशन वेगळं तपासा. बँकेत नॉमिनी म्हणून माणूसच लागतो, संस्था चालत नाही. नॉमिनी पैसे उचलतो, पण ते शेवटी मृत्युपत्राप्रमाणेच वाटावे लागतात. आज नॉमिनी मुलगा असेल तर २८ लाख आधी त्याच्या हाती येतील आणि व्यवस्थापकाला ते मागत बसावं लागेल. व्यवस्थापक आणि नॉमिनी एकच माणूस ठेवा: चोपड्यातला, साठीच्या आतला, हिशेबाला चोख. तुमच्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्यात तो सापडेल. तो नाही म्हणाला तर पुढचं नावही मृत्युपत्रात लिहून ठेवा.

आणि मुलाला सांगा. वावर घरातच राहतंय, संस्थेला ठेवींतले वीस टक्केच जातायत, हे दिवाळीत तो घरी आल्यावर तोंडावर सांगा, शक्यतो बहीण समोर नसताना. चिडला तरी तुम्ही हयात असताना चिडलेला बरा. मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे हे व्यवस्थापकाला, आणि नोंदणीचा क्रमांक दोन्ही मुलांना. संस्थेला मात्र टक्का सांगू नका, ‘मृत्युपत्रात तुमची आठवण ठेवली आहे’ एवढंच कळवा.